तेहतीस वर्षं बिननावाचा

ठाण्याच्या खाडीत गाळाचे नमुने घ्यायला आम्ही जायचो, तेव्हा होडीवरचे तांडेल दर वेळी विचारायचे, "ताई, यात मासळी नाही, कालवं नाहीत, मग हा चिखल नेता कशाला?" मी चाळणी त्यांच्यापुढे धरायचे. अर्ध्या मिलिमीटरच्या जाळीवर काड्या, शिंपल्यांचे तुकडे आणि त्यांत वळवळणारे दोन-चार तांबडे धागे. ते धागे वेचायचे, ओळखायचे आणि मोजायचे, हे माझं काम होतं. सव्वीस वर्षं केलं.

हे धागे म्हणजे गांडुळाचे समुद्रातले भाऊबंद. शास्त्रात त्यांना पॉलिकीट म्हणतात. अंगावर वलयं, वलयांच्या दोन्ही बाजूंना राठ केसांचे झुबके. कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलेल्यांना यातला 'नेरीस' आठवत असेल. पण नेरीस बोटभर लांब. माझे बहुतेक कृमी तांदळाच्या दाण्याएवढे किंवा शिवणाच्या दोऱ्याएवढे. जगात पॉलिकीटांच्या दहा हजारांहून अधिक जातींना नावं मिळालेली आहेत. उरलेल्या किती असतील, याची कल्पना मला माझ्याच बाटल्यांकडे बघून यायची.

पहिल्याच आठवड्यात सरांनी मला एक तांबडा कृमी ओळखायला शिकवला. डोकं टोकदार, कल्ले नाहीत, पुढची नऊ वलयं जाडसर, अंगात हिमोग्लोबिन असल्यामुळे रंग रक्तासारखा. ऑक्सिजन जेमतेम असलेल्या, सांडपाण्याने काळ्या पडलेल्या गाळातही तो सुखाने राहतो. सर म्हणाले, "हा कॅपिटेला कॅपिटाटा. जिथे हा वाढला, तिथे पाणी बिघडलं समजा." मी चिठ्ठी लिहिली, बाटलीत टाकली. पुढे अशा शेकडो चिठ्ठ्या लिहिल्या. हातात फोवेल यांचा १९५३चा ग्रंथ असायचा. त्यातली लक्षणं एकेक पडताळत गेलं, की शेवटी कुठलं तरी नाव हाती यायचंच. बरीचशी नावं युरोपातल्या किनाऱ्यांवरून आलेली असायची. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

वाटायला हवं होतं. कारण याच कृमीची एक गोष्ट अमेरिकेत तोवर घडून गेली होती.

१६ सप्टेंबर १९६९ रोजी 'फ्लोरिडा' नावाची तेलवाहू बार्ज मॅसॅच्युसेट्स राज्यात वेस्ट फालमथजवळ खडकांवर चढली. साडेसहा ते सात लाख लिटर इंधन तेल समुद्रात गेलं. किनाऱ्याजवळच्या गाळातले बहुतेक जीव मेले आणि त्या ओसाड तळावर कॅपिटेलाचं अमाप पीक आलं. जवळच वुड्स होल इथे काम करणारे ज्युडिथ आणि फ्रेडरिक ग्रासल हे दांपत्य त्यांचा अभ्यास करू लागलं. सूक्ष्मदर्शकाखाली सगळे सारखे दिसत होते. ग्रासल दांपत्याने त्यांच्या शरीरातली एन्झाइमं जेलच्या थरावर ठेवून विजेचा प्रवाह सोडला. प्रत्येक एन्झाइम आपापल्या घडणीप्रमाणे कमी-जास्त अंतर सरकतं, त्यावरून प्राण्यांमधला आनुवंशिक फरक कळतो. १९७६ साली 'सायन्स'मध्ये त्यांनी जाहीर केलं, की 'कॅपिटेला कॅपिटाटा' या एका नावाखाली सहा वेगवेगळ्या जाती नांदत आहेत. त्यांचे विणीचे काळ वेगळे, अंड्यांचे आकार वेगळे, पिल्लं वाढण्याच्या रीती वेगळ्या.

त्यांतल्या पहिल्या जातीला नुसतंच 'कॅपिटेला, जात क्रमांक १' म्हणू लागले. हा कृमी प्रयोगशाळेत सहज वाढतो, म्हणून जगभर त्यावर संशोधन झालं. प्रदूषणाच्या चाचण्या झाल्या, भ्रूणाची वाढ अभ्यासली गेली. नाव मात्र २००९ साली मिळालं: कॅपिटेला टेलेटा. ते दिलं जेम्स ब्लेक, ज्युडिथ ग्रासल आणि केविन एकेलबार्गर यांनी. म्हणजे ओळख पटल्यावर तेहतीस वर्षं हा प्राणी बिननावाचा राहिला. २०१३ साली 'नेचर'मध्ये त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तो या नावाने.

एक नाव द्यायला इतका वेळ का लागावा? ज्यांनी ते काम जवळून पाहिलंय त्यांना नवल वाटत नाही. नवी जात सांगायची, तर आधी जुनी काय आहे ते पक्कं ठरवावं लागतं. मूळ 'कॅपिटाटा'चं वर्णन ओटो फॅब्रिशियस यांनी १७८० साली केलं, ग्रीनलंडच्या कृमीवरून. ते वर्णन इतकं त्रोटक, की त्यात जगातला कुठलाही कॅपिटेला मावावा. म्हणून ब्लेक यांनी २००९ सालीच पश्चिम ग्रीनलंडमधल्या नमुन्यांवरून त्याचं नव्याने, बारकाईने वर्णन केलं आणि त्या नावाला एक नवा प्रमाण नमुना नेमून दिला. तेव्हा कुठे म्हणता आलं, की मॅसॅच्युसेट्सचा कृमी तो नव्हे.

मग पुढचं काम. कृमी जिवंत असताना मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात सैलावून घ्यायचा, नाहीतर फॉर्मॅलिन लागताच तो आकसतो आणि मोजमापं चुकतात. काही नमुने सरळ अल्कोहोलमध्ये ठेवायचे, कारण फॉर्मॅलिनमध्ये डीएनए खराब होतो. प्रत्येक वलयावरचे केस तपासायचे: कुठे साधे, कुठे आकडेवाले, कुठून बदलतात. कॅपिटेलाच्या नराला आठव्या आणि नवव्या वलयावर काटे असतात, तेही बघायचे. मिथिल ग्रीनच्या थेंबात कृमी ठेवला, की त्वचेतल्या ग्रंथी हिरव्या उठतात. त्यांची नक्षीही लक्षण म्हणून उपयोगी पडते. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा ल्युसिडा लावला, की कृमी आणि आपल्या पेन्सिलीचं टोक एकाच वेळी दिसतं. तशी चित्रं काढायला एका केसाच्या आकड्यासाठी दुपार जाते.

हे झाल्यावर एक नमुना निवडायचा. तो प्रमाण नमुना, म्हणजे होलोटाइप. नाव कायमचं त्या नमुन्याला बांधलेलं असतं. तो संग्रहालयात ठेवून त्याचा क्रमांक लेखात छापावा लागतो. पन्नास वर्षांनी कुणाला शंका आली, तर त्याने ती बाटली उघडून बघावी, यासाठी ही सोय. त्याखेरीज हा कृमी जवळच्या नातलगांपेक्षा कुठे वेगळा, हे शब्दांत सांगावं लागतं. प्राण्यांच्या नावांची मोजदाद लिनियसच्या १७५८च्या ग्रंथापासून होते, त्यामुळे तेव्हापासूनचं लॅटिन, जर्मन, फ्रेंच लिखाण धुंडाळावं लागतं.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. आमच्या यादीत आणखी एक नाव नेहमी असायचं, 'पॅराप्रायोनोस्पिओ पिनाटा'. डोक्याजवळ दोन लांब स्पर्शक आणि पिसांसारख्या कल्ल्यांच्या तीन जोड्या, फार देखणा कृमी. हे नाव एहलर्स यांनी १९०१ साली दिलं ते चिलीमधल्या कृमीला. जगभर तेच वापरलं गेलं. जपानच्या हिसाशी योकोयामा यांनी २००७ साली ही प्रजाती नव्याने तपासली आणि एका नावामागच्या अनेक जाती वेगळ्या केल्या. २०१२ साली त्यांनी आणि सोनिया सुकुमारन यांनी भारतीय पाण्यातल्या तीन जातींची प्रथमच नोंद केली. ते वाचलं आणि मी माझी जुनी वही काढली. माझ्या वहीत पानामागून पान एकच नाव होतं.

त्या दिवशी मला वाईट वाटलं ते वहीपेक्षा खाडीसाठी. पाणी किती बिघडलंय हे आम्ही या कृमींवरून सांगत होतो. पण एका नावाखाली तीन जाती असतील, एक घाण सोसणारी आणि दुसरी न सोसणारी, तर दुसरी नाहीशी झाली तरी वहीतला आकडा तेवढाच राहतो. ती गेली हे कुणाला कळतच नाही. चिलीच्या नावाने मोजलेला आपला कृमी आपल्या खाडीबद्दल पुरतं खरं सांगू शकत नाही. ग्रीनलंडच्या नावाने मोजलेल्या तांबड्या धाग्याचंही तेच. ठाण्याच्या कोमट चिखलात राहणारा आणि बर्फाळ समुद्रातला, हे दोघे एकच असतील यावर आता माझा विश्वास नाही.

नवी जात सापडते म्हटलं, की लोकांना खोल समुद्र आणि पाणबुड्या आठवतात. तिथेही सापडतात. पण कॅपिटेला टेलेटासारख्या कित्येक जाती कुणीतरी आधीच गोळा केलेल्या, दुसऱ्याच नावाची चिठ्ठी लावलेल्या बाटल्यांत पडून असतात.

म्हणून किनाऱ्यालगतच्या कॉलेजांतल्या मुलामुलींना आणि त्यांच्या शिक्षकांना माझं सांगणं आहे. कपाटातल्या जुन्या बाटल्या टाकून देऊ नका. अल्कोहोल आटलं असेल तर भरा. नमुना पुस्तकातल्या वर्णनाशी जुळत नसेल, तर ओढूनताणून जुळवू नका. 'कॅपिटेला, जात अनिश्चित' असं लिहायला लाजू नका. त्याखाली ठिकाण, तारीख आणि पाण्याची खोली लिहा. आणि चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळून जाते.