‘चोअर’ म्हणजे कुणाची पाळी?

मुलांच्या इंग्रजी पुस्तकात ‘हाउसहोल्ड चोअर्स’ असा शब्दप्रयोग येतो. ‘घरकाम’ असा अर्थ सांगून आपण मोकळे होतो. हा अर्थ चूक नाही, पण अपुरा आहे.

आधी वापर पाहू. घर बांधणं, विहीर खणणं हीसुद्धा कामंच. पण त्यांना कुणी चोअर म्हणत नाही, कारण ती एकदा झाली की झाली. झाडलोट, धुणीभांडी, गोठ्यातलं शेण काढणं हे चोअर. सकाळी घासलेलं पातेलं दुपारी पुन्हा मोरीत येतं. शिवाय जे करणं जिवावर येतं, ते घरातलं नसलं तरी इंग्रजीत त्याला चोअर म्हणतात.

आता व्युत्पत्ती. जुन्या इंग्रजीत वळण, फेरा, खेप अशा अर्थाचा एक शब्द होता. त्यातून ‘चार’ म्हणजे किरकोळ काम हा अर्थ निघाला. मोलाने साफसफाई करणाऱ्या बाईला इंग्लंडात ‘चारवुमन’ म्हणत. ‘चोअर’ हे त्याच शब्दाचं अमेरिकेत रुळलेलं रूप. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी पाळी आहे.

पाळी म्हणजे काय, हे कोल्हारकरांना सांगायला नको. भंडारदरा धरण 1926 साली पूर्ण झालं, आणि प्रवरेच्या कालव्यांचं पाणी आपल्या पट्ट्यात फिरतंय. आवर्तन सुटलं की शेजपाळी लागते. रात्री दोन वाजता दारं धरायला उठावं लागलं तरी आपण उठतो, कारण पाळी पुढे सरकणार हे ठाऊक असतं. आपलं भरणं झालं की शेजाऱ्याचं. साखर कारखान्यातही पाळी संपली की दुसरा माणूस जागेवर येतो.

घरात मात्र काम फिरून येतं, करणारं माणूस बदलत नाही. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ 299 मिनिटं निघाला, पुरुषांचा 97. बरं, पुरुष शेतात राबतो म्हणावं, तर बाईही दिवसभर खुरपूनच येते, आणि आल्यावर चूल तिचीच.

हे आपल्याला खटकत का नाही? हॅना आरेंट या विदुषीने 1958 साली ‘द ह्यूमन कंडिशन’ या ग्रंथात श्रम आणि निर्मिती असा भेद केला. निर्मिती मागे टिकाऊ वस्तू ठेवते. श्रमाचं फळ लगेच वापरून संपतं. भाकरी खाल्ली, संपली. मागे काही उरत नाही, म्हणून ते काम दिसत नाही. दिसतं ते राहून गेलं तरच.

तेव्हा मुलांना अर्थ सांगताना ‘घरातली पाळीची कामं’ असं सांगून पाहा. पोरं चौकस असतात. ‘मग आज कुणाची पाळी?’ असं विचारतील. त्याचं उत्तर आपण सगळ्यांनी मिळून द्यायचं आहे, आणि ते रोज एकच असू नये.