ध्वनिक्षेपक, जुन्या मोटारगाडीतील
मोटारगाडीतील रेडिओ ग्राहीकडून येणाऱ्या विद्युत् संदेशाचे ध्वनीत रूपांतर करणारे साधन. व्यवहारात याला ‘स्पीकर’ म्हणतात. जुन्या गाडीतील मूळ ग्राही कायम ठेवून निकामी झालेला ध्वनिक्षेपक बदलावयाचा असल्यास नव्याची निवड प्रथम त्या ग्राहीच्या विद्युत् गुणधर्मांवरून व नंतर उपलब्ध जागेवरून करावी लागते. केवळ आकार जुळला किंवा वॉटचा आकडा मोठा आहे, एवढ्यावरून केलेली निवड दुर्मिळ झालेल्या ग्राहीस घातक ठरू शकते.

रचना व ऱ्हास : ध्वनिक्षेपकात स्थिर चुंबकाच्या क्षेत्रात हलणारे तारेचे वेटोळे व त्यास चिकटविलेला शंकू हे मुख्य भाग असतात. जुन्या ध्वनिक्षेपकांतील कागदी शंकू ऊन व ओलावा यांमुळे ठिसूळ होऊन फाटतो. शंकूभोवतीची कडा पॉलियुरेथेन फेसाची असल्यास ती काही वर्षांनी विघटित होऊन गळून पडते. १९३० नंतरच्या दशकातील अनेक ग्राहींच्या ध्वनिक्षेपकांत स्थिर चुंबकाऐवजी विद्युत् चुंबक असे. असा ध्वनिक्षेपक बदलण्यापेक्षा त्याचा शंकू नवा बसविणे सोयीचे असते, कारण चुंबकाचे वेटोळे ग्राहीच्या मंडलाचाच भाग असू शकते.

संरोध : प्रत्यावर्ती प्रवाहास ध्वनिक्षेपकाकडून होणाऱ्या एकूण विरोधास संरोध म्हणतात. तो ओहम या एककात मोजतात. आज गाड्यांसाठी मिळणारे बहुतेक ध्वनिक्षेपक ४ ओहमचे असतात. अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या १९६० ते १९८० या काळातील अनेक गाड्यांमधील डेल्को ग्राही मात्र ८ ते १० ओहमसाठी आखलेले होते. १० ओहमच्या जागी ४ ओहमचा ध्वनिक्षेपक जोडल्यास तेवढ्याच विद्युत् दाबाला अडीचपट प्रवाह लागतो. त्यामुळे ध्वनी विकृत होतो आणि अंतिम टप्प्यातील ट्रँझिस्टर प्रमाणाबाहेर तापून निकामी होण्याचा धोका संभवतो. जर्मेनियम ट्रँझिस्टर उष्णतेला विशेष नाजूक असल्याने त्यांच्या बाबतीत ही दक्षता अधिक घ्यावी लागते. १० ओहमचा ध्वनिक्षेपक न मिळाल्यास ८ ओहमचा वापरता येतो किंवा ४ ओहमचे दोन सारखे ध्वनिक्षेपक एकसरीत जोडून ८ ओहम साधता येतात. तेच दोन अनेकसरीत जोडल्यास संरोध २ ओहम होतो, म्हणून ती जोडणी टाळावी. साध्या ओहममापकाने एकदिश प्रवाहास होणारा रोधच मोजला जातो व तो संरोधापेक्षा थोडा कमी भरतो. ८ ओहमच्या ध्वनिक्षेपकाचे मापन सामान्यतः ६ ते ७ ओहम येते.

संवेदनक्षमता : १ वॉट शक्ती दिली असता १ मीटर अंतरावर मिळणारी ध्वनिपातळी डेसिबेलमध्ये सांगतात. जुन्या ग्राहीची शक्ती काही वॉटच असल्यामुळे ही संख्या फार महत्त्वाची ठरते. ३ डेसिबेलचा फरक म्हणजे शक्ती दुप्पट करण्यासारखे आहे. म्हणजे ८७ डेसिबेलच्या ध्वनिक्षेपकास ९३ डेसिबेलच्या ध्वनिक्षेपकाची बरोबरी करण्यासाठी चौपट शक्ती लागते. वेष्टनावरील मोठा वॉटचा आकडा ध्वनिक्षेपक किती शक्ती सहन करील एवढेच सांगतो, तो किती मोठ्याने वाजेल हे नव्हे. मापन २·८३ व्होल्टला केलेले असल्यास ४ ओहमच्या ध्वनिक्षेपकाला प्रत्यक्षात २ वॉट मिळतात. तुलना करताना अशा आकड्यातून ३ डेसिबेल वजा करावेत.

आकार व बैठक : अमेरिकन गाड्यांत १०×२५ सेंमी. व १५×२३ सेंमी. या मापांचे लंबगोल ध्वनिक्षेपक रूढ होते. लांबीरुंदीइतकीच खोलीही मोजावी, अन्यथा दारातील चुंबक खाली येणाऱ्या काचेस अडतो. शंकूच्या पुढील व मागील बाजूंच्या ध्वनितरंगांच्या कला परस्परविरुद्ध असल्याने कडेच्या फटीतून ते एकत्र आल्यास मंद्र स्वर क्षीण होतात, म्हणून कडा घट्ट बसविणे आवश्यक असते. चालकासमोरील फलकात एकच जागा असल्यास दोन वेटोळ्यांचा ध्वनिक्षेपक घेऊन डावा व उजवा संदेश स्वतंत्र वेटोळ्यांना देतात. हे दोन संदेश एकाच वेटोळ्याला जोडू नयेत. मूळ धातूचा पत्रा कापल्यास तो पूर्ववत करणे कठीण असते, त्यामुळे मूळ छिद्रांत बसणारा ध्वनिक्षेपक शोधणे किंवा मधे जोडपट्टी वापरणे श्रेयस्कर होय.

नवा ग्राही बसविल्यास : जुन्या गाड्यांत ध्वनिक्षेपकाचे एक टोक पुष्कळदा गाडीच्या सांगाड्यास जोडलेले असे. आधुनिक ग्राहींच्या सेतुबद्ध विवर्धकात मात्र दोन्ही टोके सांगाड्यापासून अलग ठेवावी लागतात. १४·४ व्होल्टला ४ ओहमच्या ध्वनिक्षेपकात साध्या मंडलातून सु. ६ वॉट, तर सेतुबद्ध मंडलातून सैद्धांतिक दृष्ट्या सु. २६ वॉट शक्ती मिळू शकते. जुनी सामाईक तार तशीच ठेवल्यास अशा विवर्धकाचे अंतिम मंडल जळण्याचा संभव असतो. म्हणून प्रत्येक ध्वनिक्षेपकासाठी ग्राहीपर्यंत दोन स्वतंत्र तारा घालणे आवश्यक ठरते.