तळ्याच्या वरच्या अंगाला

नेसरीच्या शिवारात वळवाचा पहिला मोठा पाऊस झाला की तळ्यावर न जाता त्याच्या वरच्या अंगाला जावं. वर्षभर तळ्यात कसलं पाणी राहणार, हे तिथल्या ओघळींत पहिल्या तासाभरात ठरतं. आधी येतं ते रस्त्यावरचं काळपट पाणी, गाड्यांच्या तेलाचा रंगीत तवंग घेऊन. मग उकिरड्याच्या पायथ्यातून कोऱ्या चहाच्या रंगाचं, शेणाच्या उग्र वासाचं पाणी सुटतं. शेवटी उसाच्या सऱ्या भरून फुटतात आणि तांबडी माती वाहू लागते. ही तिन्ही पाणी मी काचेच्या बाटल्यांत भरून ठेवली. सकाळी शेतातल्या पाण्याचा गाळ तळाशी बसलेला होता. उकिरड्याच्या पाण्याचा रंग मात्र हलला नव्हता.

त्या रंगाबरोबर जे विरघळलेलं असतं, त्यात नत्र असतं, आणि ते तुरटीनेही खाली बसत नाही. स्फुरदाची तऱ्हा वेगळी. ते मातीच्या कणांना चिकटून राहतं आणि माती वाहिली की तिच्यासोबत तळ्यात उतरतं. आडसाली उसाला हेक्टरी 400 किलो नत्र, 170 किलो स्फुरद आणि 170 किलो पालाश अशी शिफारस आहे. यातला थोडा वाटा जरी बांध ओलांडून गेला, तरी छोट्या तळ्याला तो फार होतो. एक किलो स्फुरदावर शेकडो किलो ओलं शेवाळ पोसलं जाऊ शकतं. म्हणून तळ्याकडे उतरणाऱ्या बांधावर चार-पाच हात रुंद गवताची पट्टी राखणं, हे मला सगळ्यात मोलाचं काम वाटतं. पाणी गवतात अडखळतं, माती तिथेच टाकतं. आपल्याकडे बांध कोरून एक सरी वाढवण्याची हाव फार, आणि तीच माती मग तळ्याच्या पोटात जाते.

शेवाळ वाढलं की काय होतं, ते उजाडायच्या आधी दिसतं. दिवसा हिरवं पाणी प्राणवायू तयार करतं. रात्री तेच शेवाळ, मासे आणि तळाची कुजकी घाण मिळून तो संपवतात. सूर्योदयाच्या आधी मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडी टाकत असतील, तर तळं गुदमरतं आहे. याला कुठलंही यंत्र लागत नाही.

पाणी किती नितळ आहे हे मोजायलाही फार काही लागत नाही. 1865 साली आंजेलो सेकी या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने पांढरी तबकडी दोरीने भूमध्य समुद्रात सोडली आणि ती दिसेनाशी होते ती खोली नोंदवली. डब्याचं झाकण पांढरं रंगवायचं, खाली दगड बांधायचा, दोरीला वीत-वीतभर अंतरावर गाठी मारायच्या. सांडव्याच्या भिंतीवरून, भर दुपारी, दर पंधरवड्याला सोडायचं. शाळेची मुलं हे काम मोठ्यांपेक्षा नेटाने करतात. वहीत गाठी कमी होत गेल्या, की वरच्या अंगाला काय बदललं ते शोधायला निघायचं.

बायकांना तळ्यावर धुणं धुऊ नका म्हणणं सोपं आहे; घरी नळाला पाणी पुरेसं नसेल तर त्यांनी जायचं कुठे? काठापासून लांब, उताराच्या बाजूला धुण्याचा कट्टा बांधावा, त्याचं पाणी शोषखड्ड्यात जिरवावं. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे करून सांडपाणी गल्लीत येऊच दिलं नाही, हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. म्हसरांसाठीही काठावर हौद असला, तर ती पाण्यात बसून शेणमूत सोडणार नाहीत. आणि फवारणीचा पंप तळ्यात विसळणं तर आजच थांबायला हवं. त्याला ना पैसा लागतो, ना मंजुरी.

एकदा तळं बिघडलं की काय लागतं, हे आपल्या जिल्ह्याला कोल्हापूरच्या रंकाळा तलावाने शिकवलं. नाल्यांचं सांडपाणी मिसळत राहिलं, केंदाळ माजलं, पाण्यावर हिरवा थर आला, वास सुटला. केंदाळ कितीही उपसलं, तरी खाली खत येत असेल तर ते पुन्हा वाढतं. इतकं मोठं शहर आणि महापालिका असूनही रंकाळा हा सततचा घोर होऊन बसला. आपल्या ग्रामपंचायतीच्या हाती त्यातलं काय आहे?

गौरी-गणपतीला निर्माल्य वेगळं घेऊन त्याचं खत करणं, शाडूची मूर्ती घरच्या बादलीत विसर्जित करणं, हे आता बऱ्याच घरांत रुळलं आहे. पण ते वर्षातले काही दिवस. ओघळ बारमाही आहे. आपल्या शिवारातलं पाणी घटप्रभेला मिळतं आणि पुढे बेळगाव जिल्ह्यात हिडकलच्या धरणात साठतं. तिथेही लोक पितात.

म्हणून 1 मेच्या ग्रामसभेत तीन विषय लेखी द्यावेत: धुण्याचा कट्टा, जनावरांचा हौद आणि तळ्याच्या वरच्या अंगाचे उकिरडे हलवायला जागा. मृग जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर लागतो. कट्टा तोवर झाला नाही तरी चालेल, उकिरडे मात्र हललेले हवेत.