गिऱ्हाईक नेमके कोणाचे?

संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ एसएमएसने पाठविण्याचा काळ फार जुना नाही. इंग्रजी अक्षरे १६०, देवनागरीत लिहिले तर अवघी ७०. दिवाळी आणि नववर्षासारख्या दिवशी सवलतीच्या योजना लागू नसत; प्रत्येक संदेशाचे पैसे पडत. मोबाइल कंपनीला मात्र ही जवळजवळ बिनखर्चाची मिळकत होती, कारण कॉल जोडण्यासाठी जी सांकेतिक वाहिनी मुळातच उभारलेली असते, तिच्यातूनच हे संदेश जात.

२००९ साली स्थापन झालेल्या व्हॉट्सॲपने ही मिळकत हिरावून घेतली. मनोरे मोबाइल कंपनीचे, स्पेक्ट्रमचे हप्ते तिनेच भरायचे, आणि गिऱ्हाईक बोलणार दुसऱ्याच्या पेढीवर बसून! २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सॲप सुमारे १९ अब्ज डॉलरना घेण्याचे जाहीर केले, तेव्हा त्या पेढीचे मोल सर्वांच्या ध्यानी आले.

फोन बनविणारेही स्वस्थ बसले नव्हते. २००७ मध्ये अमेरिकेत आयफोन विकण्याचा हक्क एटी अँड टी या एकाच कंपनीला मिळाला. परंतु फोनमध्ये काय असावे, हे ॲपलने स्वतःकडेच ठेवले. तोवर त्यात बहुतांशी मोबाइल कंपन्यांचा शब्द चाले. पुढील वर्षी ॲप स्टोअर उघडले आणि तेथे विकल्या जाणाऱ्या ॲपच्या किमतीतून ३० टक्के ॲपल घेऊ लागली. आपल्या बाजारपेठेत एवढी आडत मागणाऱ्याला कोणी उभे केले नसते.

आपल्याकडे ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आली आणि कॉलचे पैसे घेणेच थांबले. २०१७ मध्ये तिने १,५०० रुपयांच्या परताव्याच्या अनामतीवर स्वतःचा फोनही बाजारात आणला. २०२० मध्ये फेसबुकने जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये ९.९९ टक्क्यांसाठी ४३,५७४ कोटी, तर गुगलने ७.७ टक्क्यांसाठी ३३,७३७ कोटी रुपये गुंतविण्याचे ठरविले. कालचे प्रतिस्पर्धी एकाच खात्यात भागीदार झाले.

किराणा-भुसार व्यापाऱ्याशी या भागीदारीचा थेट संबंध आहे. ऑगस्ट २०२२ पासून जिओमार्टवरील वाणसामान व्हॉट्सॲपवरूनच मागविता येऊ लागले. आपले गिऱ्हाईकही मालाची यादी त्याच व्हॉट्सॲपवर धाडते. आपल्या दुकानाचा दरवाजा ज्याच्या जागेत आहे, तोच जागामालक समोरच्या दुकानात भागीदार असावा, तसे हे झाले. भाडे आज नाही, हे खरे. पण उद्याची अट आपण ठरविणार नाही. खाते बंद पडले तर दाद कोणाकडे मागायची, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

पूर्वी गिऱ्हाइकाचे नाव, गाव, उधारी आणि घरच्या लग्नकार्याची तिथीसुद्धा वडिलांच्या वहीत असे. आता पुष्कळ दुकानांतून ती केवळ मुलाच्या फोनमध्ये असते. दिवाळीला ज्या चोपड्याचे पूजन होते, त्याच्याच मागच्या पानांवर ही नावे व क्रमांक उतरवून ठेवण्यास एक दुपार पुरते.