पेढे वाटून झाले, पुढे?

मुलाला मेडिकलला प्रवेश मिळाला की आपण गल्लीभर पेढे वाटतो. ‘सुटले बाई एकदाची!’ असं वाटतं. पण खरी कसोटी पुढेच असते. एम.डी., एम.एस.ची तीन वर्षं ही मुलं शिकतही असतात आणि रुग्णालयाचा गाडाही ओढत असतात.

माझा भाचा असाच निवासी डॉक्टर आहे. गेल्या दिवाळीत तो घरी आला नाही, तेव्हा मी फोनवर फणकारले, “एवढं कसलं रे काम? दोन दिवस आईसाठी काढता येत नाहीत?” पलीकडे शांतता. मग म्हणाला, “मावशी, कालपासून पाठ टेकली नाही गं. सकाळी एक पेशंट गेला. त्याच्या बायकोला मलाच सांगावं लागलं.” आणि रडायलाच लागला. मला माझीच लाज वाटली.

सलग काम बारा तासांपेक्षा जास्त नसावं, असं केंद्र सरकारने १९९२ सालीच सांगितलं होतं. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या समितीने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली. तरी चोवीस-छत्तीस तासांची ड्यूटी अजून संपलेली नाही. त्यात वरिष्ठांची बोलणी, नातेवाइकांचा संताप. आणि डॉक्टरनेच ‘मला सोसत नाही’ म्हणायचं कसं, हा संकोच!

मग आपण काय करावं? फोनवर आधी परीक्षेचं नि लग्नाचं काढू नका. जेवलास का, झोपलास का, ते विचारा. सून निवासी डॉक्टर असेल, तर रात्रपाळी करून आलेल्या पोरीला ओट्याशी उभी करू नका. छळ होत असेल, तर ‘सगळ्यांनीच सोसलंय’ म्हणू नका. महाराष्ट्रात रॅगिंगविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे. बोलकं मूल अबोल झालं, सुट्टीतही झोपेना, ‘मी नसलेलाच बरा’ म्हणू लागलं, तर ते थट्टेवारी नेऊ नका. तडक जाऊन भेटा, एकटं सोडू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. सरकारच्या ‘टेली-मानस’च्या १४४१६ क्रमांकावर रात्रंदिवस मोफत बोलता येतं.

त्या दिवाळीत मीच चिवड्या-लाडवांचा डबा घेऊन त्याच्याकडे गेले. जेमतेम वीस मिनिटं भेटला. मी उपदेश केला नाही, नुसती शेजारी बसले. निघताना म्हणाला, “मावशी, पुन्हा ये हं.”

आता महिन्यातून एकदा जाते. डबा निमित्ताला.