जुनी परदेशी डिझेल फोर-व्हील घेतली, आता आधी काय करावे?

सावंगी (मेघे) म्हणजे वर्ध्याला लागलेलेच गाव. १९९० साली इथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, पुढे मोठे रुग्णालय उभे राहिले आणि यवतमाळ रस्त्यावरची वर्दळ वाढली. इथून देवळी, पुलगाव, हिंगणघाट, आर्वी, कळंब असे बाजार करणारे आपले कापडवाले, चपलावाले, भांडीवाले बांधव पुष्कळ आहेत. डांबरी रस्ता सोडून काळ्या मातीच्या वाटेला लागले की पावसाळ्यात साधी मोटार रुतते. म्हणून अलीकडे जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीकडे अनेकांचा कल दिसतो. मित्सुबिशी पजेरोचे उदाहरण घ्या. ही जपानी गाडी हिंदुस्थान मोटर्सने २००२ पासून चेन्नईजवळच्या तिरुवल्लूर येथे जोडून विकली. एके काळी पुढारी आणि बड्या ठेकेदारांच्या दारात उभी असणारी ही गाडी आज छोट्या व्यापाऱ्याच्या आवाक्यात आली आहे.

मात्र गाडी स्वस्त झाली म्हणून तिचे सुटे भाग स्वस्त झालेले नाहीत. मी कापडाचा व्यापारी. ठाणाची वरची घडी पाहून आपण माल घेत नाही, पूर्ण ठाण उलगडतो. गाडीचेही तसेच आहे. सगळी रक्कम खरेदीत घालू नये, पहिल्या दुरुस्तीसाठी काही भाग बाजूला काढून ठेवावा. सीट कव्हर, टेप, नवा रंग हे सारे नंतर. बाजाराच्या दिवशी गाडी वाटेत बसली तर भाड्याची दुसरी गाडी करावी लागते आणि गिऱ्हाईकही दुसऱ्याच्या दुकानी जाते.

आधी कागद

आरसी बुकात उत्पादक कोण आणि गाडी ‘इम्पोर्टेड’ म्हणून नोंदलेली आहे का, हे सौदा होण्यापूर्वीच वाचावे. भारतात जोडलेली गाडी आणि तयार स्थितीत बाहेरून आणलेली गाडी यांच्या शुल्कात मोठा फरक आहे. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी नवी करावी लागते आणि मग दर ५ वर्षांनी. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क देशी मोटारीला ५,००० रुपये, तर आयात मोटारीला ४०,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी हेच आकडे १०,००० आणि ८०,००० करण्यात आले. पर्यावरण कर वेगळा. तेव्हा आजचा नेमका आकडा आरटीओ कार्यालयात विचारून मगच भाव ठरवावा. दहा वर्षांच्या डिझेल गाडीवरील बंदीचा २०१५ चा हरित लवादाचा आदेश दिल्ली परिसरापुरता होता, विदर्भाला तो लागू नाही.

आणखी एक बाब. खाजगी नोंदणीच्या गाडीत धंद्याचा माल वाहिला आणि अपघात झाला, तर विम्याचा दावा अडू शकतो. विमा घेतानाच गाडीचा वापर स्पष्ट सांगावा.

सर्व ऑईल बदला

आधीच्या मालकाने “मागच्याच महिन्यात ऑईल बदलले” असे सांगितले आणि पावती दाखवली नाही, तर बदलले नाही असेच धरून चालावे. इंजिन ऑईल आणि त्याचा फिल्टर एकत्र बदलावा. ऑईल डिझेल इंजिनाचेच घ्यावे, ग्रेड गाडीच्या पुस्तकात पाहावी. नवे ऑईल थोड्याच दिवसांत काळे पडले तर घाबरू नये, डिझेलमध्ये ते होतेच. मात्र ते दुधाळ चहासारखे दिसले तर आत पाणी जात आहे, गाडी तिथेच थांबवावी.

गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि पुढचा-मागचा क्राऊन यांचे ऑईल बहुतेक जण विसरतात. नाल्यातून गेलेल्या गाडीच्या क्राऊनमध्ये पाणी शिरलेले असू शकते. खालचा नट उघडताच रंगावरून ते कळते. ब्रेक ऑईल हवेतील ओल शोषून घेते, म्हणून ते दर दोन वर्षांनी पूर्ण बदलावे.

पाणी आणि उन्हाळा

वर्ध्याचा मे महिना ४५ अंशांच्या वर जातो. पजेरोच्या २.८ लिटर आणि पजेरो स्पोर्टच्या २.५ लिटर, दोन्ही डिझेल इंजिनांचे हेड ॲल्युमिनियमचे आहे. एकदा जोराने तापले की ते वाकते किंवा त्याला तडा जातो, आणि मग हजारांचे काम होते. रेडिएटर आतून-बाहेरून साफ करावा. होज पाईप दाबून पाहावेत. फुगलेले किंवा चिरलेले बदलावेत. थर्मोस्टॅट काढून फेकण्याचा सल्ला काही मिस्त्री देतात, तो ऐकू नये, नवा बसवावा. विहिरीचे पाणी जड असते, त्याचा क्षार आत बसतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर समप्रमाणात भरावे. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.

टायमिंग बेल्ट की चेन?

हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावा. पजेरोच्या २.८ लिटर इंजिनाला चेन आहे. २०१२ मध्ये आलेल्या पजेरो स्पोर्टच्या २.५ लिटर इंजिनाला रबरी बेल्ट आहे. बेल्ट चालत्या इंजिनात तुटला तर व्हॉल्व पिस्टनला भिडतात आणि इंजिन खोलावे लागते. बेल्ट बदलल्याचा लेखी पुरावा नसेल तर टेन्शनरसकट नवा घालावा. गाडी कमी चाललेली असली तरी रबर वयाने सडते. चेनच्या इंजिनात गार स्थितीत खडखड ऐकू येते का, तेवढे पाहावे.

डिझेल, हवा आणि धूर

डिझेल फिल्टर नवा घालावा आणि त्याखाली साचणारे पाणी नियमित सोडावे. फिल्टर बदलल्यावर हातपंपाने हवा काढावी लागते. ती न काढता सेल्फ मारत बसले तर बॅटरी उतरते. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल मिळते, त्यात गंधक १० पीपीएमपर्यंतच असते. अशा डिझेलवर जुन्या पंपाची रबरी सीले आकसून गळू शकतात. पंपाभोवती ओलसरपणा दिसला तर सील बदलून घ्यावेत, हे काम डिझेल पंपाच्या जाणकाराकडेच द्यावे.

कच्च्या रस्त्याची धूळ एअर फिल्टर भरून टाकते. हवा आतून बाहेरच्या दिशेने मारावी, कागदी फिल्टर धुऊ नये. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा नोझल खराब. निळा म्हणजे ऑईल जळते. थंडीत सकाळी पांढरा धूर येऊन गाडी उशिरा सुरू होत असेल तर हीटर प्लग तपासावेत.

फोर-व्हीलचा दांडा

वर्षानुवर्षे न वापरलेला दांडा ऐन चिखलात हलत नाही. महिन्यातून एकदा मऊ मातीवर फोर-व्हील लावून एक-दोन किलोमीटर चालवावे. ज्या गाडीत पुढची-मागची चाके थेट जोडली जातात, ती कोरड्या डांबरी रस्त्यावर तशी चालवू नये, आतल्या दात्यांवर ताण येतो. सुपर सिलेक्ट पद्धतीच्या गाडीत डांबरावर चालणारा आणि न चालणारा असे दोन्ही दर्जे असतात, ते पुस्तकातून समजून घ्यावेत. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले असावेत. टायरवरचे चार आकडे पाहावेत. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा.

गाडीची वही

दुकानाची खातेवही ठेवतो तशी गाडीचीही एक वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, काय बदलले, किती रुपये लागले, एवढे लिहिले तरी पुरे. पहिल्या पानावर इंजिन आणि चेसिस नंबर लिहावा. सुटा भाग मागवताना तोच कामी येतो. भाग हाती आल्याशिवाय मिस्त्रीला गाडी खोलू देऊ नये, नाहीतर ती महिनाभर गॅरेजमध्ये उभी राहते. उद्या गाडी विकायची वेळ आली तर हीच वही आपल्याला चार पैसे जास्त मिळवून देईल.