तुर्कस्तानने लिपी बदलली. मग आजोबांची पत्रं कोण वाचणार?

ए, बी, सी, डी ही अक्षरं मूळची इंग्रजांची नाहीत. फिनिशियन व्यापाऱ्यांची लिपी ग्रीकांनी घेतली. त्यांच्याकडून ती इटलीतल्या एट्रुस्कन लोकांकडे आणि तिथून रोमनांकडे आली. पुढे रोमन साम्राज्य, चर्च आणि युरोपीय वसाहतींबरोबर लॅटिन लिपी जगभर पसरली.

तुर्कस्तानात मात्र ती कायद्याने आली. मुस्तफा केमाल अतातुर्क यांच्या पुढाकाराने संसदेने १ नोव्हेंबर १९२८ रोजी अरबी लिपीऐवजी २९ लॅटिन अक्षरं स्वीकारली. १ जानेवारी १९२९ पासून तुर्की पुस्तकं याच अक्षरांत छापणं बंधनकारक झालं.

फायदा? तुर्की स्वरांना स्वतंत्र अक्षरं मिळाली, वाचायला शिकणं सोपं झालं.

तोटा? पुढच्या पिढीला आजोबांची पत्रंही वाचता येईनाशी झाली. घरात मोडीतली कागदपत्रं सापडली की आपली होते, तशीच गत!